यंत्राची उष्णता, घरातली शांतता

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या मानकोली नाक्याच्या आसपास दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ ही गावे आता गावांपेक्षा गोदामांसाठी जास्त ओळखली जातात. मुंबईच्या हद्दीत माल आणताना जकात भरावी लागे, म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, या व्यवहारातून ही गोदामे वाढली. १ जुलै २०१७ पासून जकात गेली, गोदामे मात्र राहिली. या गोदामांत कापडाचे तागे आहेत, औषधे आहेत, आणि संगणकाचे सुटे भागही आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा घरपोच मिळणारे खोके तिथे पोहोचण्याआधी इकडच्या फळीवर थोडा काळ विसावलेले असू शकते.

या भागाचा आणखी एक आवाज आहे, तो यंत्रमागाचा. भिवंडी हे मागांचे शहर. म्हणून संगणकाच्या पंख्याचा आवाज कमी कसा करावा, त्यासाठी पाण्याने गार करणारा संच घ्यावा का, घ्यायचा तर पहिला संच कोणता, हे प्रश्न इथल्या तरुण मुलांच्या तोंडून ऐकले, तेव्हा मला ते नुसते खरेदीचे प्रश्न वाटले नाहीत. यंत्राची उष्णता कुठे न्यायची आणि त्या नेण्याचा आवाज कोणी सोसायचा, हा प्रश्न इथे फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर खरेदीचे उत्तरही बरेचसे त्यातच सापडते. म्हणून हा लेख.

मागाच्या खोलीतून संगणकाच्या खोलीत

संगणकाच्या इतिहासात मागाचे नाव येते ते जॅकार्डमुळे. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग तयार केला. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. हे बहुतेकांनी ऐकलेले असते. दुसरे नाते कमी सांगितले जाते. संगणकाची थंड खोली हीसुद्धा कापडधंद्याची देणगी आहे.

सूत कोरड्या हवेत ठिसूळ होते आणि तुटते. म्हणून विणकामाच्या खोलीत दमटपणा राखावा लागतो. अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर नावाचा अभियंता कापड गिरण्यांतली हवा दमट ठेवण्याची यंत्रे बसवीत असे. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोग त्याने १९०६ मध्ये रूढ केला. त्याआधी १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आवरणारे यंत्र आखले होते, कारण दमट हवेत कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. म्हणजे एअर कंडिशनिंगचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालेला नाही. तो सुतासाठी आणि कागदासाठी झाला. माणूस त्यात नंतर बसला, आणि संगणक त्याच्याही नंतर.

पाण्याने यंत्र गार करण्याची रीत तर आपल्या खेड्यापाड्यांत संगणकाच्या आधीपासून होती. पिठाच्या गिरणीचे किंवा विहिरीवरचे तेलाचे इंजिन आठवावे. शेजारी पाण्याचे पिंप, त्यातून इंजिनाला जोडलेले दोन नळ. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळाने पिंपात जाई, गार पाणी खालच्या नळाने इंजिनात येई. पंप लागत नसे. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि अशी इंजिने महाराष्ट्राच्या शेतीत घरची झाली. मोटारगाडीने पिंपाऐवजी पातळ नळ्यांची जाळी वापरली. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. थोड्या जागेत हवेला भिडणारा पृष्ठभाग फार मोठा करायचा, हे त्यातले मर्म. आज संगणकाच्या पेटीत बसणारा रेडिएटर हा त्याच घराण्यातला आहे.

व्हॉल्व्हचे दिवस

आपल्याकडचा पहिला मोठा संगणक मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी आधी एक प्रायोगिक यंत्र केले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र चालू झाले. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह, आणि १,७०० जर्मेनियम डायोड होते. एका व्हॉल्व्हची तार तापवायला २ वॅट धरले, तरी नुसत्या तारांची उष्णता ५,००० वॅटच्या पुढे जाते. पाच इस्त्र्या दिवसभर चालू ठेवाव्यात तशी ही खोली. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र एअर कंडिशनिंगशिवाय टिकलेच नसते.

हवा स्वस्त आणि निरुपद्रवी असते, पण उष्णता वाहून नेण्यात ती फार दुबळी आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापताना जितकी उष्णता घेते, तितकी घ्यायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. घरच्या हिशेबात सांगायचे तर, २०० वॅटचा प्रोसेसर गार ठेवताना हवा १० अंशांनी तापू दिली, तर मिनिटाला सुमारे १,००० लिटर हवा फिरवावी लागते. तेच काम मिनिटाला एक लिटर पाण्याने होते, आणि ते पाणी जेमतेम ३ अंशांनी तापते. हा एकच हिशेब डोक्यात ठेवला तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

पाणी आले, गेले, परत आले

१९६० च्या दशकात आयबीएमने आपल्या सिस्टीम ३६० मालिकेतल्या सर्वांत वेगवान यंत्रांपर्यंत पाणी नेले. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ या यंत्रात प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला छोटा धातूचा दट्ट्या होता, सभोवती हेलियम वायू भरलेला होता आणि वर पाण्याने गार होणारी पट्टी होती. सीमूर क्रेने वेगळी वाट धरली. त्याच्या १९७६ च्या क्रे-१ मध्ये फ्रीजमधला फ्रिऑन खेळवलेला होता. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवलेले होते, आणि पारदर्शक भांड्यातले बुडबुडे पाहायला लोक जमत.

मग पाणी गेले. १९९० च्या दशकात ‘सीमॉस’ जातीच्या चिपा आल्या. त्या तेच काम पुष्कळ कमी विजेत करीत, आणि आयबीएमची मोठी यंत्रेही पुन्हा हवेवर आली. आपल्याकडे याच सुमारास पुण्याचा ‘परम’ घडला. अमेरिकेने हवे ते क्रे यंत्र देण्यात अडथळे आणल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था पुण्यात उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एक प्रचंड वेगवान प्रोसेसर करण्याऐवजी अनेक लहान ट्रान्सप्यूटर चिपांत काम वाटून द्यायचे, हे त्याचे सूत्र. ते सूत्र गरजेतून आले होते, पण काम वाटले की उष्णताही वाटली जाते, हा त्याचा आनुषंगिक फायदा होता. क्रेला जे फ्रिऑन आणि बुडबुडे लागले, त्याची गरज अशा रचनेला नव्हती.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत चिपांची भूक पुन्हा वाढली. १९९३ चा पहिला पेंटियम साधारण १५ वॅटचा होता. २००४ मधल्या पेंटियम ४ च्या काही चिपा १०० वॅटच्या पुढे गेल्या. आज घरच्या संगणकातले एकटे चित्रकार्ड ४५० वॅटच्याही पुढे जाऊ शकते. उष्णता दाटली, आणि पाणी परत आले.

हे परतणे पुण्यात ठळक दिसते. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ८ जानेवारी २०१८ रोजी ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा क्रे एक्ससी-४० संगणक सुरू झाला. मोसमी पावसाचे अंदाज अशा यंत्रांवर निघतात. या जातीच्या यंत्रात हवा कपाटांच्या रांगेतून आडवी वाहते आणि वाटेत पाण्याच्या जाळ्यांतून जाऊन पुन्हा गार होते. काम हवेचे, सुटका पाण्याची. २०१९ मध्ये पुण्याच्याच आयसर संस्थेत ७९७ टेराफ्लॉपचा ‘परम ब्रह्म’ बसला. त्यात पाणी आणखी जवळ येते, थेट चिपेवरच्या पट्टीपर्यंत. सी-डॅकचा २०२० चा ‘परम सिद्धी-एआय’ मात्र ज्या एनव्हिडिया यंत्रांचा बनला आहे, ती हवेने गार होणारी आहेत. एकाच शहरात, तीन वर्षांच्या आत, तीन वाटा. मला यातून एवढे दिसते की पाणी हे प्रगतीचे निशाण नसून गरजेचे उत्तर आहे. उष्णता किती दाट आहे आणि ती कुठे सोडायची आहे, यावर वाट ठरते.

मत्स्यालयाचा पंप आणि बंद संच

घरच्या संगणकात पाणी आणले ते हौशी लोकांनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चिप ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचे वेड पसरले. त्यासाठी मिळणारे ६० मिलिमीटरचे पंखे मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेत आणि खोलीत बसणे अशक्य करीत. मग कोणी मत्स्यालयाचा पंप, मोटारगाडीच्या हीटरची जाळी आणि घरी घासलेला तांब्याचा ठोकळा जोडून पाणी खेळवले. कोणी पाणी उंचावरून फवारून बाष्पीभवनाने गार करण्याचा मनोरा उभारला. तो म्हणजे आपला माठच. कोरड्या प्रदेशात तो उत्तम चाले. कोकणपट्टीत माठातले पाणी नागपूरइतके गार होत नाही, त्याच कारणाने असा मनोरा भिवंडीत निराशाच करील.

२००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी-५ चे एक मॉडेल द्रवाने गार होणारे काढले. ते शांत होते, पण काही वर्षांनी काही यंत्रांत द्रव गळल्याच्या तक्रारी आल्या. खरा बदल झाला तो कारखान्यातच भरून सीलबंद केलेल्या संचामुळे. डेन्मार्कमध्ये २००० मध्ये स्थापन झालेल्या असेटेक कंपनीने पंप आणि चिपेवरची पट्टी एकाच डबीत बसवली. २००९ मध्ये कोर्सेरचा एच-५० हा असाच संच बाजारात आला. पाणी भरणे, नळ्या कापणे, बुडबुडे काढणे हे काहीच उरले नाही. आज नवशिक्याचा पहिला संच म्हणतात तो बहुतेक वेळा याच घाटाचा असतो.

आवाज कुठे जातो

पाण्याने गार होणारा संगणक आपोआप शांत असतो, हा समज या इतिहासात कुठेच टिकत नाही. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ती चिपेजवळच्या बोटभर जागेतून उचलून रेडिएटरच्या हातभर जागेत पसरते. शेवटी ती हवेलाच द्यायची असते, आणि हवा हलवायला पंखाच लागतो. पाण्याने मिळते ती मोठ्या जाळीची मुभा. जाळी मोठी असेल तर पंखा सावकाश फिरवता येतो, आणि खरी शांतता त्या सावकाशीतून येते. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला हा फरक फार मोठा असतो. उलट, सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र चालवले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एका घाईच्या पंख्यापेक्षा दोन-तीन संथ पंखे केव्हाही बरे.

यावरून निवडीचे नियम सरळ निघतात. पहिला नियम, उष्णता मोजावी. ६५ वॅटच्या प्रोसेसरला पाणी लागतच नाही. पातळ पत्र्यांचा उंच, चांगला हवेचा कूलर स्वस्त पडतो, त्याला पंप नसतो आणि गळण्याची भीतीही नसते. दुसरा नियम, जाळीचे क्षेत्रफळ विकत घ्यावे, रंगीत दिवे नव्हेत. २४० मिलिमीटरच्या जाळीवर १२० चे दोन पंखे बसतात, २८० च्या जाळीवर १४० चे दोन. लांबीत थोडाच फरक, पण क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी जास्त. पेटीत बसत असेल तर २८० किंवा ३६० ची जाळी घ्यावी. संथ पंख्यांवर दर १२० मिलिमीटरच्या तुकड्यामागे १०० वॅट, असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ३४-३५ अंशांवर असते आणि पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही, म्हणून या ठोकताळ्यात एक तुकडा जास्त धरावा.

बर्फाने किंवा चिलरने पाणी खोलीपेक्षा गार करण्याचा मोह इथे घातक आहे. जूनमध्ये कोकणातल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. १५ अंशांच्या नळीवर थंड बाटलीसारखे थेंब जमतील आणि ते थेट मदरबोर्डवर पडतील.

संच घरात आल्यावर आवाज उतरवण्याचे कामही याच समजुतीने होते. बहुतेक यंत्रांत पंख्याचा वेग चिपेच्या तापमानाला बांधलेला असतो. चिप क्षणात तापते आणि क्षणात निवते, त्यामुळे पंखाही सारखा चढतो-उतरतो, आणि हा हेलकावा स्थिर आवाजापेक्षा जास्त टोचतो. २०० वॅटची सगळी उष्णता एक लिटर पाण्यात शिरली तरी ते एक अंश तापायला सुमारे २० सेकंद घेते. सीलबंद संचात पाणी याहून कमी असते, तरी चिपेपेक्षा ते पुष्कळ संथ असते. म्हणून सोय असेल तर पंखे पाण्याच्या तापमानाला बांधावेत. नसेल तर वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची आज्ञा द्यावी. पंपही पूर्ण वेगाने चालवण्याची गरज नसते. मिनिटाला एक लिटरचा वरचा हिशेब इथे आठवावा. पंपाचा वेग हळूहळू उतरवत न्यावा आणि गुणगुण थांबेल तिथे, तापमानावर लक्ष ठेवून, थांबावे.

गुळगुळ असा पाण्याचा आवाज येत असेल तर पंपात हवा आहे. वर्षानुवर्षांत नळीच्या रबरातून थोडे पाणी उडते, त्याची जागा हवा घेते, आणि ती सर्वांत उंच ठिकाणी जमते. ते ठिकाण पंप असू नये. जाळी पेटीच्या छताला लावावी. समोर लावायची असेल तर तिचा वरचा कोपरा पंपापेक्षा उंच राहील असे पाहावे. पंपाची थरथर पत्र्यात उतरली की अख्खी पेटी तबल्यासारखी घुमते. जोडणीत रबराची चकती आणि पेटीखाली घडी घातलेली सतरंजी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. स्वतः नळ्या जोडणाऱ्याने तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आणू नये, कारण त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. बोअरचे पाणी वापरू नये. उर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक घालावे. पहिले चोवीस तास फक्त पंपाला वीज देऊन, जोडांखाली टिपकागद ठेवून बघावे.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. मागांच्या वस्तीत हवेत सुताची तूस असते, गोदामांच्या रस्त्यांवर अवजड गाड्यांची धूळ. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत ही तूस फार लवकर नमद्यासारखी बसते. मग वारा अडतो, पंखा वेग वाढवतो आणि आवाज परत येतो. हवा आत येते तिथे बारीक जाळी लावून ती दर पंधरवड्याला झटकणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

शांततेचा हिशेब

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आणि दिवसाची ५५ ठरवली आहे. कारखान्यात कामगाराला आठ तास ९० डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो, असे कारखान्यांचे नियम मानतात. धोट्याच्या मागांच्या खोलीत तो आकडा सहज ओलांडला जातो. आयुष्यभर मागावर काम केलेली माणसे मोठ्याने बोलतात, त्याचे कारण सवय जितकी, तितकेच उतरलेले कान. त्यांच्याच घरातली मुले आज जॅकार्डच्या नक्ष्या संगणकावर काढतात, लग्नांच्या चित्रफिती जोडतात, रात्री त्याच खोलीत अभ्यास करतात, आणि शेजारी कोणीतरी पाळीवरून येऊन झोपलेले असते. एका खोलीच्या घरात संगणकाचा आवाज दहा-पंधरा डेसिबलने उतरणे म्हणजे एका माणसाची झोप. ही चैन नव्हे.

मात्र उतरलेल्या आवाजाचीही किंमत कोणीतरी देत असते. संगणक कितीही शांत असला तरी ४०० वॅट खाणारे यंत्र खोलीत ४०० वॅटची उष्णता सोडणारच. ती एसीने बाहेर काढली तर एसीचा बाहेरचा डबा शेजाऱ्याच्या खिडकीखाली घुमतो. आपण जे काम दूरच्या यंत्राकडे सोपवतो, त्याची उष्णता ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरच्या गच्चीवरून बाहेर पडते, आणि तिथेही पंखेच फिरत असतात. टिफ्रॅकच्या खोलीपासून परम ब्रह्मपर्यंत हाच क्रम आहे. उष्णता एका ठिकाणाहून उचलायची आणि जिथे सोसवेल तिथे नेऊन सोडायची.

म्हणून पहिला संच निवडणाऱ्याला मी दोनच प्रश्न विचारतो. यंत्राची उष्णता खरोखर किती, आणि ती सोडायला घरात जागा किती? या दोहोंची उत्तरे मिळाली की पाणी हवे की हवा, जाळी २८० ची की ३६० ची, हे ठरायला वेळ लागत नाही. आणि बऱ्याच वेळा उत्तर असे निघते की आहे त्या पंख्याची तूस झटकून त्याचा वेग थोडा उतरवला, तरी रात्र शांत जाते.